घाटात तापणारी गाडी

ओलायची निळी गाडी तिसऱ्यांदा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा टोर्डिसने हातातला पाना बाकावर आपटला.

"पुन्हा?"

"पुन्हा," ओलाय उतरत म्हणाला. "निम्मा घाट चढला की काटा लालवर. परवा तिथूनच मागे फिरलो. तू काय दुरुस्त करतेस ते तुझं तुलाच ठाऊक."

पश्चिम नॉर्वेतल्या त्या खाडीकाठी गॅरेज एकच, टोर्डिसचं. आणि ओलाय तिथल्या फेरीबोटीचा निवृत्त कप्तान. चाळीस वर्षं बोटीवर हुकूम सोडलेला माणूस. जमिनीवर आला तरी ती खोड गेली नव्हती. मे महिन्यात त्याच्या गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला, म्हणून टोर्डिसने नवा बसवला. तेव्हापासून हे तापणं सुरू झालं. तिने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, पंखा तपासला. गॅरेजमध्ये तासभर चालू ठेवली तर गाडी पाद्र्यासारखी शांत.

"तुझ्या पंपानंतरच हे सुरू झालं," ओलायने शंभराव्यांदा सांगितलं.

"पंपाला काही झालेलं नाही, कप्तान. तुम्ही वरच्या गिअरवर घाट रेटता, म्हणून तापते."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून चढतोय मी हा घाट!"

आज तो कडक इस्त्रीच्या सुटात होता. घाटापलीकडे राहणाऱ्या त्याच्या बहिणीचा, बोर्गिल्डचा, तीन वाजता ऐंशीवा वाढदिवस होता आणि मागच्या सीटवर मलईचा भलामोठा केक होता.

टोर्डिसने अवजारांची पेटी आणि पाण्याचा कॅन गाडीत टाकला. "सरका तिकडे. मी चालवते. एकदाची माझ्या डोळ्यांदेखत तापू दे."

पाचव्या वळणाला काटा हलला. इंजिनची धग जरा तरी बाहेर पडावी म्हणून टोर्डिसने आतला हीटर पूर्ण सोडला. जुलै महिना, बाहेर ऊन आणि आत भट्टी.

"अगं, माझा केक!"

"केक की इंजिन, काय ते बोला."

"दुसरा गिअर टाक. दुसरा! क्लच कसा दाबतेस?"

"कप्तान, आता गप्प बसला नाहीत तर उतरवीन."

पुढे रस्त्यात मेंढ्या आडव्या बसलेल्या. ओलायने खिडकीतून डोकं काढून त्यांनाही हुकूम सोडले. त्या ढिम्म. टोर्डिसचा घाम हनुवटीवरून टपटपत होता. मेंढ्या एकदाच्या उठल्या, पण खिंडीच्या अलीकडे काटा लालवर टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली.

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं.

"इकडे बसा आणि मी सांगेन तेव्हा रेस द्या. सांगेन तेव्हाच!"

ओलायने बसताक्षणी दिली.

"अजून सांगितलं नाही मी!"

"मग लवकर सांग ना!"

"द्या आता!"

इंजिन गुरगुरलं, आणि टोर्डिसला दिसलं. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप बघता बघता आत ओढला गेला आणि चपटा झाला. पाणी जाणार कुठून? रेस सोडली, पाइप पुन्हा गोल. रबर तापून मऊ पडलं आणि वर जोराची रेस मिळाली, तरच हे होत होतं; गॅरेजमध्ये गाडी नुसती मंद चालायची, म्हणून तिथे हे कधी दिसलंच नव्हतं.

"बंद करा," ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता.

त्या पाइपच्या पोटात तो चपटू नये म्हणून एक स्प्रिंग असते. मे महिन्यात पंप बसवताना टोर्डिसच्या हातात त्या स्प्रिंगचे गंजके तुकडे आले होते. पाइप वरून धडधाकट दिसत होता, शनिवारची घाई होती, आणि तिने ते तुकडे कचऱ्यात टाकले होते. सगळं लख्ख आठवलं. दोन महिने ती या म्हाताऱ्याला गाडी चालवायला शिकवत होती.

"कप्तान, चूक माझी आहे." तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ओलाय गाडीतून उतरून त्या पाइपवर वाकला. "म्हणजे पंपापासूनच."

"पंपापासूनच."

"मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"किती वेळा म्हटलं?"

"कप्तान!"

इंजिन निवायला तासभर लागणार होता. केक तर अगोदरच निवर्तला होता. मलई खोक्याच्या एका कोपऱ्यात साचली होती. दोघं दगडावर बसली आणि बोटांनीच तो खाल्ला. ओलायने सुटाला लागलेली मलई पुसली नाही.

मग टोर्डिस उठली. पडक्या कुंपणाची तार तिने पक्कडीने तोडली. हिवाळ्यात बर्फातून रस्ता कळावा म्हणून रोवलेला एक बांबू कडेला उरला होता, त्याच्यावर तार गुंडाळायला घेतली. तार हातातून दोनदा निसटली. तिने अशी शिवी हासडली की कप्तानाच्या भुवया वर गेल्या.

"अशी नाही. बांबू मी फिरवतो, तू तार ताणून धर," तो म्हणाला. आणि वैताग असा की त्याचं बरोबर होतं. वेटोळी नीट बसली.

तिने पाइप काढला, वेटोळं आत सारलं, पट्ट्या आवळल्या, कॅनमधलं आणि मग ओढ्याचं पाणी भरलं. खिंडीपर्यंतचा उरलेला चढ तिने मुद्दाम रेटून चढला. काटा मध्यावरून हलला नाही. ती श्वास रोखून बघत होती. ओलायही, पण त्याने आव आणला मेंढ्या मोजण्याचा.

पाच वाजता ती दोघं बोर्गिल्डच्या अंगणात पोचली. पाहुण्यांची कॉफी निम्मी झाली होती.

"दोन तास!" बोर्गिल्ड कडाडली. "आणि हात हलवत आलास?"

"हिला विचार," ओलाय म्हणाला आणि बहिणीला विचारू न देता स्वतःच सांगायला बसला. स्प्रिंगचे तुकडे कचऱ्यात कसे गेले ते त्याने तीन टेबलांवर तीनदा सांगितलं, दर वेळी तुकडे वाढवून. तार वळायची युक्ती मात्र तिन्ही वेळा एकट्या टोर्डिसची होती.

टोर्डिसने कॉफी ओतून घेतली. "सोमवारी आठ वाजता गाडी आणा," ती त्याची गोष्ट मध्येच तोडत ओरडली. "नवा पाइप बसवते. आणि जाताना खालच्या गिअरवर उतरवा!"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून—" ओलायने सुरुवात केली.