गिऱ्हाईकाला सांगायचं माप

फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर दोन रकाने होते. डावा माझा, उजवा बाबांचा. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर गुंडीला आलेला प्रत्येक झटका मी डावीकडे मांडायचे. मधले नऊ तास मी कामावर असायचे, तेव्हाचे झटके बाबा, म्हणजे माझे सासरे, उजवीकडे मांडायचे. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदणारी. संध्याकाळी जेवायच्या आधी मी दोन्हींची बेरीज करून खाली लिहायचे आणि त्या एका आकड्याकडे बघत बसायचे.

गुंडी सात महिन्यांची आहे. तिचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण बाबांनी आयुष्यभर शिंपीकाम केलं. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ते म्हणाले की हिचं नाक म्हणजे नुसती शर्टाची गुंडी, आणि तेच चिकटलं. दुकान त्यांनी तीन वर्षांपूर्वी बंद केलं. मशीन मात्र घरी आणलं आणि आतल्या खोलीत पाळण्याशेजारी ठेवलं. माप घ्यायची टेप अजूनही त्यांच्या गळ्यात असते. टेपचं पितळी टोक ते गुंडीच्या डोळ्यांसमोर हलवायचे. पाचव्या महिन्यात ती ते पकडायला हात पुढे करायची, पकडायची आणि थेट तोंडात घालायची. मग ते म्हणायचे, "गिऱ्हाईकानं टेप खाल्ली, आता माप कशानं घेऊ?"

सहाव्या महिन्यात तिने हात पुढे करणं बंद केलं. टोक डोळ्यांसमोरून जायचं आणि डोळे जागच्या जागी राहायचे. त्याच सुमाराला झटके सुरू झाले. झोपेतून उठली की मान पुढे पडायची, दोन्ही हात झटकन बाजूला उघडायचे, गुडघे पोटाशी यायचे. एक सेकंद. मग सगळं अंग सैल. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा तेच, आणि असं एकामागून एक वीस-वीस वेळा. पहिल्या डॉक्टरांनी पोटातला गॅस सांगितला. आम्हीही सुटलो म्हणून मान डोलावली. तीन आठवडे आम्ही तिच्या पोटाला शेक दिला. 

मेंदूच्या डॉक्टरांनी मोबाइलवरचा व्हिडिओ वीस सेकंद पाहिला आणि त्याच दिवशी तिच्या मेंदूचा आलेख काढला. नंतर समोर बसवून शांतपणे सांगितलं. हे झटके दिसायला लहान असतात, पण ते चालू असतात तोवर मेंदू नवीन काही शिकत नाही, शिकलेलंही विसरतो. त्यामुळे कमी होणं पुरेसं नाही, शून्य व्हायला हवेत. आणि लवकर व्हायला हवेत. त्यांनी तोंडावाटे द्यायचं औषध दिलं आणि रोजचे झटके मोजायला सांगितले. सातव्या दिवशी फोन करायचा. आकडा खाली येत असेल तर हेच औषध आणखी आठवडाभर, मग पुन्हा आलेख. येत नसेल तर एक दिवसही थांबायचं नाही, भरती करायचं आणि इंजेक्शनं सुरू करायची.

माझी रजा संपली होती, आणि साचलेल्या कामामुळे रविवारची सुट्टीही नव्हती. नवऱ्याचं काम गोदामात, तिथे शिफ्टभर मोबाइल कपाटात ठेवावा लागतो. म्हणून दिवसा बाबा. ते एका पायावर तयार झाले. मी त्यांना मोजायचं कसं ते शिकवायला गेले, तर म्हणाले, "सूनबाई, तीस वर्षं मी माणसं मोजलीत."

पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा उजव्या रकान्यात एकतीस होते. माझे सोळा धरून सत्तेचाळीस. मी फ्रिजसमोर फरशीवर बसले ते बराच वेळ उठलेच नाही. जेवलेही नाही. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच सरकवलं. बाबांनी ताट उचलून झाकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी बेरीज सदतीस झाली. मी दोन घास जास्त खाल्ले. पाचव्या दिवशी चौतीस. सातव्या दिवशी सत्तावीस. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की सत्तेचाळीसवरून सत्तावीसवर आलोय. त्या म्हणाल्या, छान, हेच चालू ठेवा. त्या संध्याकाळी आम्ही तिघं कितीतरी दिवसांनी एकत्र जेवायला बसलो. नवऱ्याने बाबांना छेडलं की तुमचं पोट सुटायला लागलंय, नातीमागे धावून कमी व्हायला हवं होतं. बाबा म्हणाले, "माझ्या दुकानात तीस वर्षांत कुणाचं पोट सुटलं नाही. घेर अडतीस भरला तरी मी मोठ्यानं छत्तीस म्हणायचो. माणूस खूश. वहीत मात्र अडतीसच लिहायचं, नाहीतर पँट बसायची कशी?" आम्ही हसलो. मीसुद्धा हसले. मला ते हसणं आठवतं, कारण त्याच वेळी गुंडी माझ्या मांडीवर होती आणि तिने वर बघितलं नव्हतं.

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शहरातल्या चाळीस नळांवर जाऊन पाण्यात किती क्लोरीन उरलंय ते जागेवरच मोजावं लागतं. ते काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. अकराव्या दिवशी ताईंनी आणलेला तक्ता मी नोंदवायला घेतला. सुरुवातीच्या नळांना अर्धा मिलिग्रॅम, पुढे जरा कमी, मग आणखी जरा कमी, टाकीपासून जसजसं लांब जावं तसतसा आकडा एकेक पायरी उतरलेला. कुठेही उलटी उडी नाही. मी विचारलं, "ताई, आज गाडीतून उतरलात का?"

"उतरले की," त्या म्हणाल्या, "चहाला उतरले."

नळ तोच, पाणी तेच, रोज कशाला बघायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना लाज वाटली नाही, मलाही त्यांचा राग आला नाही. मी तक्त्यावर काट मारली. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते: खरे आकडे उड्या मारतात, रचलेले आकडे शिस्तीत उतरतात. दुसऱ्या तक्त्याकडे हात नेला आणि तो तसाच थांबला.

फ्रिजवरच्या कागदाचा फोटो मी रोज सकाळी डॉक्टरांसाठी काढून ठेवत होते. तो उघडला. दहा दिवसांच्या बेरजा मला पाठ होत्या, पण रकाने वेगळे करून मी ते एकदाही वाचले नव्हते. बाबांचा रकाना: एकतीस, अठ्ठावीस, सव्वीस, तेवीस, वीस, अठरा, पंधरा, तेरा, दहा, सात. दर दिवशी दोन किंवा तीन कमी. एकदाही चढ नाही. माझा रकाना: सोळा, एकवीस, अकरा, एकोणीस, चौदा, तेवीस, बारा, अठरा, पंधरा, वीस. पहिल्या पाच दिवसांची बेरीज एक्याऐंशी. नंतरच्या पाच दिवसांची अठ्ठ्याऐंशी.

म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत काहीच कमी झालं नव्हतं. ते मीच मोजलं होतं, मीच लिहिलं होतं. सकाळी झोपेतून उठल्यावर जास्तच येतात, असं स्वतःला सांगून मी दोन्ही रकाने एकत्र केले होते आणि उतरता आकडा पदरात पाडून घेतला होता. ताईंचा तक्ता मी दोन मिनिटांत ओळखला. माझ्या मुलीचा मला दहा दिवस ओळखता आला नाही.

साहेबांना सांगून मी निघाले. गुंडीची दुपारची झोप साधारण दोनला संपते. पावणेदोनला मी माझ्या किल्लीने दार उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभी राहिले. तिथून आतल्या खोलीतला पाळणा दिसत नाही, पण मशीन दिसतं आणि बाबांची पाठ दिसते. कागदावर आजच्या उजव्या रकान्यात दोन रेघा होत्या.

आधी जागी होताना गुंडीची एक छोटी किंकाळी आली. बाबा पुढे वाकले. "एक," ते हळू आवाजात म्हणाले. थोडा वेळ गेला. "दोन." त्यांचा हात तिच्या छातीवर असावा. मधेच ते म्हणत होते की झालं हं, झालं, आणि लगेच पुढचा आकडा. आवाज दहाच्या पुढे बारीक होत गेला, पण एकही आकडा गाळला नाही. सतराला ते थांबले. बराच वेळ थांबले, अठरावा येतोय का ते बघत. मग त्यांनी मशीनचा खण उघडला, मापाची जुनी वही काढली, कानावरची पेन्सिल घेऊन काहीतरी लिहिलं, वही पुन्हा खणात ठेवली. मग तिला खांद्यावर घेऊन कागदावर रेघा मारायला ते स्वयंपाकघरात आले आणि मला बघून दारातच उभे राहिले.

"किती होते?" मी विचारलं.

"सतरा."

"इथे किती मांडणार होतात?"

त्यांनी कागदाकडे बघितलं. कापडात डाग निघाला की गिऱ्हाईकाला कसं सांगावं या विचारात शिंप्याचा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला.

"दोन," ते म्हणाले.

मी ओरडेन असं मला वाटलं होतं.  मी गुंडीला घ्यायला हात पुढे केले. त्यांनी तिला दिलं आणि मोकळ्या हातांनी टेपचं टोक कुरवाळत उभे राहिले.

"पहिल्या दिवशी एकतीस होते, तू जेवली नाहीस," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी चौतीस झाले. मी अठ्ठावीस मांडले, तरीही जेवली नाहीस. तिसऱ्या दिवशी जेवलीस. तिला दूध पाजतेस तू. तुझं दूध आटलं असतं तर? मला वाटलं, औषध पोटात जातंय, आज ना उद्या खरेच कमी होतील. कागद तेवढा दोन दिवस पुढे आहे, एवढंच."

"बाबा, डॉक्टर त्या कागदावर ठरवत होत्या."

हे त्यांना माहीत होतं का, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. बहुधा माहीत होतं आणि नव्हतंही, जसं मला माझा रकाना माहीत होता आणि नव्हताही. ते आत गेले, वही घेऊन आले, पान उघडून माझ्यासमोर धरलं. एका बाजूला कुणाची तरी छाती, कंबर, बाही. समोरच्या कोऱ्या पानावर वर "गुंडी" आणि खाली दहा आकडे, प्रत्येकाच्या शेजारी वेळा: एकतीस, चौतीस, एकोणतीस, अडतीस, छत्तीस, तेहतीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. अकराव्या ओळीत सकाळचे तेरा आणि त्यापुढे आत्ताचे सतरा, पेन्सिलीची भुकटी अजून पुसलेली नव्हती.

"वहीत मी कधी खोटं लिहिलं नाही," ते म्हणाले. ते स्वतःच्या बाजूने बोलत नव्हते. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

मी फ्रिजला पाठ लावूनच डॉक्टरांना फोन केला. वहीतले आकडे आणि माझे आकडे एकत्र करून, दिवसागणिक, वाचून दाखवले. काल बासष्ट. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "मग मला सातव्या दिवशी सत्तावीस कुणी सांगितले?"

"मी सांगितले," मी म्हटलं. "मी नीट वाचले नव्हते."

बाबांनी मान वर केली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांना वाचवत होते असं नाही. ते वाक्य खरं होतं, म्हणून म्हटलं.

डॉक्टर म्हणाल्या की आत्ता निघा, खाट ठेवते, आज संध्याकाळीच पहिलं इंजेक्शन देऊ. मी विचारलं की मधल्या चार दिवसांत किती गेलं असेल. प्रश्न मूर्खपणाचा आहे हे विचारतानाच कळत होतं. त्या म्हणाल्या, "त्याचा आकडा कुणाकडेच नसतो. तुम्ही निघा."

मी पिशवी भरली: लंगोट, दोन झबली, औषधाची बाटली, फाइल. गोदामाच्या ऑफिसात नवऱ्यासाठी निरोप ठेवला. बाबा दाराशी उभे होते. चपला घातलेल्या, वही काखेत. येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही या म्हटलं नाही. मी दार लावायला वळले, तेव्हा ते जिना उतरायला लागले होते.

टॅक्सीत गुंडी लगेच झोपली. बाबांनी तिला मांडीवर घेतलं होतं, पिशवी आणि वही माझ्याकडे होती. बाहेर दुपारची रहदारी होती आणि प्रत्येक सिग्नल लाल होता. तिसऱ्या सिग्नलला मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला. ती दचकून उठली आणि डोळे उघडता उघडता तिची मान पुढे पडली. हात उघडले. उजवा हात टेपच्या टोकावर आपटला. मी तिच्या बोटांकडे बघितलं. मूठ मिटली नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"मोजा," मी म्हटलं. "मोठ्यानं."

"एक," ते म्हणाले.

मी वही उघडून मांडीवर धरली. चालकाने आरशातून मागे बघितलं आणि रेडिओ बंद केला. दोन. तीन. सिग्नल सुटला. बाबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. आठ. नऊ. मी तुटक रेघा मारत गेले, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला एक रेघ वाकडी होत होती. सतराला ते थांबतील असं मला वाटलं.

"अठरा," ते म्हणाले. "एकोणीस. वीस."