मागे थांबलेले

वस्तुसंग्रहालयात सगळे त्याला 'पाटीवाला' म्हणत, कारण प्रत्येक वस्तूखालची पाटी तोच लिही. हाडाची सुई असो की राजाचा मुकुट, दोन ओळींत विषय संपला. बायको म्हणे, “उद्या माझ्यावर पाटी लावायची झाली, तर ‘वापरात असलेली’ एवढंच लिहाल.”

नव्या दालनाचं काम त्याच्याकडे आपसूक आलं, कारण दालन त्याच्याच जमातीचं होतं आणि जमातीतून शहरात येऊन शिकलेला तो पहिलाच. मोठी पाटी लिहायची होती: ही माणसं कुठून आली, कशी राहिली, कशी बदलली. त्यासाठी त्याने डोंगरावरून बापाला घरी आणलं आणि मूळकथा पुन्हा ऐकून घेतली.

कथा अशी, की सगळी माणसं आधी एका गुहेत होती आणि गुहेच्या तोंडावर भलीमोठी शिळा. जमातीच्या मूळपुरुषाने ती पाठीवर तोलून धरली. बाकीचे एकेक करून बाहेर पडले, त्यांनी नदीकाठ वाटून घेतले, मैदानं वाटून घेतली. हा बापडा मात्र आत कुणी राहिलं का ते बघत शेवटपर्यंत थांबला. तो निघेपर्यंत उरला होता नुसता खडकाळ उतार. तेव्हापासून जमातीचं नाव पडलं ‘मागे थांबलेले’. हे सांगताना म्हातारा दर वेळी पाठ वाकवून दाखवायचा.

पाटीवाल्याला ऐकताना अवघडल्यासारखं झालं. गुहा काय, शिळा काय! शिकलेले लोक हसतील. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. त्याने आपणहून लिहिलं, ‘पूर्वी गुहांत राहणारी ही मागासलेली जमात हळूहळू प्रगतीच्या वाटेला लागली.’ संचालकांनी एका वाचनात सही ठोकली. वर त्याला हायसंही वाटलं.

उद्घाटनाला म्हातारा ठेवणीतला सदरा घालून आला. शहरी भाषा त्याला बाजारापुरती यायची: भाव, मीठ, मोटारीचा थांबा. अक्षरओळख मात्र नव्हती. माहिती सांगणारी मुलगी मोठ्याने पाटी वाचू लागली, तसा तो कान देऊन ऐकू लागला.

“मागासलेली म्हणजे काय रे?” त्याने आपल्या बोलीत विचारलं.

खरं सांगायला बोलीत शब्दच नव्हता. खोटं सांगायला होता, आणि तो जिभेवर तयारच होता.

“आपलंच नाव, बाबा. मागे थांबलेले.”

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. “म्हणजे त्यांच्या भाषेतही आहे की! आणि तू थेट भिंतीवर लावलंस!” त्याने लेकाच्या पाठीवर थाप मारली. पाटीवाल्याला ती थाप सोसवेना. काय ते आत्ताच सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात प्रमुख पाहुण्याबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला आणि दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात शहरी भाषेत सांगितलं, “आम्ही मागासलेले!”

सगळे चपापले. कुणीतरी उगाच खोकलं. बाईंनी मायेने त्याचा हात धरला. “असं म्हणू नये, आजोबा. आता तुम्हीही पुढे याल.”

एवढं म्हाताऱ्याला कळलं. तो खदखदून हसला आणि बोलीत म्हणाला, “पुढे? मग शिळा कोण धरणार?”

“काय म्हणताहेत ते?” बाईंनी पाटीवाल्याला विचारलं. संचालकही त्याच्याकडे बघू लागले. म्हातारा तर कौतुकाने बघत होता. “सांग त्यांना,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सांग. तुझ्यासारखं कुणाला जमणार?”

सांगितलं असतं तर भिंतीवरची पाटी खोटी पडली असती, आणि लेकाने तिच्यात खरं काय लिहिलंय हे बापासमोर उघडं झालं असतं.

“ते म्हणतात,” पाटीवाला म्हणाला, “आम्ही आपल्या सर्वांचे ऋणी आहोत.”

टाळ्या पडल्या. ‘ऋणी’ हा शब्द म्हाताऱ्याने बाजारात कधी ऐकला नव्हता. इतरांचं बघून त्यानेही टाळ्या वाजवल्या, मग लेकाच्या कानाशी वाकून विचारलं, “एवढ्याशा बोलण्यात सगळी माणसं गुहेबाहेर पडली?”

“हो बाबा,” पाटीवाला म्हणाला, आणि त्याला बापाकडे बघवेना.