चामड्यावरचे मणी

तालायनं आईच्या चालण्याच्या तपासणीचा अहवाल एर्मेकच्या टेबलावर ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. पाय घसटतात, पडण्याचा धोका मोठा, असं तिथं लिहिलं होतं.

"म्हणजे आईला यंदा वर न्यायचं नाही, असंच ना?"

वर म्हणजे डोंगरातल्या कुरणावर. तालाय बोलत राहिला. चाळीस उन्हाळे आई तिथं घोड्या दोहत आली होती. बिश्केकच्या फ्लॅटमध्ये चार महिने ती भिंतींशी बोलत बसेल. पण कागदावर असं आल्यावर घरातलं कुणीच तिला ट्रकमध्ये चढू देणार नव्हतं, आणि ट्रक मंगळवारी निघणार होता. एर्मेक म्हणाला, पुन्हा एकदा पाहून सांगतो.

तालाय गेल्यावर एर्मेकनं त्याच्या आईचं, बुरुल अपांचं, चित्रण लावलं. चालताना माणसाचा मेंदू आणि पाय एकमेकांना कसे सांभाळतात, हे या प्रयोगशाळेत मोजत. अंगावर चकाकते मणी चिकटवायचे आणि आठ कॅमेऱ्यांनी ते टिपायचे, हे त्याचं काम. पडद्यावर घोट्याचा मणी प्रत्येक पावलाला मागेपुढे होत होता. पाय घसटत नव्हता. चामडं सरकत होतं.

मणी उघड्या कातडीवर लावायचे, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण अपा गुडघ्यापर्यंतचे मऊ चामडी मोजे घालून आल्या होत्या, आणि सुनेनंही कधी न पाहिलेले पाय एका तरण्या माणसासमोर उघडे करा, असं सांगायला त्याची जीभ वळली नव्हती. त्यानं मणी मोज्यांवरच लावले होते. वर, काही बिघडत नाही, असंही म्हणाला होता. त्यानं जुनी चित्रणं उघडली. अशा अकरा बायका निघाल्या.

दुपारी त्यानं प्रयोगशाळेच्या प्रमुख चोल्पोन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुला मोजमापाला ठेवलंय की लोकांची भीड राखायला?"

मॅडमनी अकराही नोंदी रद्द केल्या. फोन त्यानंच करायचे आणि कारणही त्यानंच सांगायचं, असं ठरलं. फोनवर दोघी हसल्या. एकीच्या नवऱ्यानं त्याला गाढव म्हटलं. ते त्याला बरं वाटलं.

सोमवारी तालाय आईला घेऊन आला आणि बाहेर बाकावर बसला. बुरुल अपांनी खुर्चीवर बसून स्वतःच मोजे उतरवले.

"मागच्या खेपेला मेलेल्या बोकडाचे पाय मोजलेस," त्या म्हणाल्या. "आता माझे मोज."

एर्मेकनं गुडघ्यावर बसून मणी लावले. दोन मणी पुन्हा लावावे लागले. अपा छताकडे पाहत राहिल्या.

मग त्या चालल्या. सरळ, टाच आधी टेकवत, उतारावर वाढलेल्या माणसाचं चालणं. पडद्यावरची रेघ स्वच्छ आली. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

साधं चालणं नीट निघालं तरच दुसरी फेरी घ्यायची, असा नियम होता. मागच्या वेळी ती झालीच नव्हती. आता चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायचे होते.

"सत्त्याण्णव," अपा म्हणाल्या. "चौऱ्याण्णव."

पुढचं पाऊल अर्धवट राहिलं. त्या चालायच्या पट्ट्याच्या मधोमध थांबल्या.

"काय करत होते मी?"

त्यानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सत्त्याण्णवच्या पुढे आकडा आला नाही. तिसऱ्यांदा त्या काहीच न बोलता टोकापर्यंत गेल्या, तिथं उभ्या राहिल्या, आणि परत कुठं वळायचं ते विचारल्यासारखं त्याच्याकडे पाहू लागल्या. खोलीला एकच दार होतं.

त्यानं त्यांना खुर्चीवर बसवलं, मणी काढले. तक्त्यात दोन रकाने होते, एक पायांचा आणि एक आकड्यांचा. पायांचा त्यानं भरला. दुसऱ्यावर पेन टेकलं आणि तिथंच राहिलं.

"तालायला पायांची काळजी होती," अपा हलक्या आवाजात म्हणाल्या. "पायांचं तेवढं लिही."

बाहेर तालायचं कुणाशी तरी फोनवर ट्रकबद्दल बोलणं चाललं होतं.

"आकड्यांचं यंत्रच लिहितं, अपा," एर्मेक म्हणाला. "माझ्या हातात नाही."

त्यांनी त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि वाकून मोजे चढवू लागल्या.