कंबुलोच्या गालातली कवडी

माझे दात दिसतात म्हणून मी हसतेय असं समजू नका. मी कवडी बोलतेय, आणि आज माझं डोकं फिरलंय.

तशी फसायची सवय मला लहानपणापासूनची. बेटाजवळच्या उथळ पाण्यात सुखानं राहत होते. एक दिवस बायकांनी नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडल्या. मला वाटलं, काय मायेची माणसं, आमच्यावर सावली धरतात! जाऊन चिकटले. मग झावळी सरसर किनाऱ्यावर ओढली आणि आम्हाला वाळूत पुरलं. आतला जीव तिथंच सडला. उरलं हे कवच.

झावळी ओढणारी होती कंबुलो. तिनंच मला उकरलं, धुतलं, झग्याला पुसलं. "किती गं गुळगुळीत तू!" म्हणाली. झालं, मी विरघळले. कुणी गोड बोललं की मागचं विसरायचं, ही माझी खोड.

कंबुलो आणि शेजारीण सानफा यांच्या मधल्या कुंपणात नीरफणसाचं झाड आहे. दर शुक्रवारी दुपारी दोघी खळग्यांची पाटी मांडून कवड्या खेळतात. जिचा ढीग मोठा, आठवडाभराचे फणस तिचे. बाकीच्या कवड्या पाटीवर. मी मात्र कंबुलोच्या गालात, विड्याशेजारी! डाव संपत आला की ती खोकायची, ओठ पुसायची, आणि मी गुपचूप तिच्या ढिगात. तीन वर्षं विड्याचा रस सोसला. दात लालभडक झाले. पण तोरा होता हो मला! बाकीच्या डबीत झोपायच्या, मी बाईच्या तोंडात.

गेल्या शुक्रवारी सानफानं ढिगावर हात ठेवला. "थांब गं. सगळ्या मोजू दे." मोजल्या. "एक जास्त कशी?"

"तुझ्या डोळ्यांत फूल पडलंय, म्हातारे."

"आणि ही? हिचे दात बघ, तुझ्यासारखे लाल!"

कंबुलोनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसेल, म्हणेल, हो बाई, माझीच.

"शी! ही कुठली? अल्लाशप्पथ, आज पहिल्यांदा बघतेय. तूच टाकली असशील, भवाने!"

आणि मला भिरकावलं. थेट पाण्यात.

पहिल्यांदा बघतेय म्हणे! वाळूत पुरलं तेव्हासुद्धा इतकं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सानफा आली. गुडघाभर पाण्यात वाकून वाकून शोधत राहिली. सापडले तशी मला छातीशी धरलं. "टाकलं ना तुला त्या चोरटीनं? ये गं, माझ्याकडे ये." मला भरून आलं. म्हटलं, भेटलं एकदाचं सरळ माणूस.

आज पुन्हा शुक्रवार. पाटी मांडलीय. "मागचं सोड गं, शेजारणी आपण," असं म्हणत कंबुलो खळगे भरतेय.

मी कुठून बोलतेय? जरा अंधार आहे, आवाज घुमतोय. सानफाच्या गालातून. हिच्या विड्यात चुना फार.

बायांनो, एकच मागणं आहे. आज पकडले गेले, तर कुणीतरी एकदा म्हणा, "ही माझी." खोटं म्हणालात तरी चालेल.