एकतीस वॉक

मी एक जुनी बेसबॉलची बॅट आहे. माझ्या अंगावर चेंडूचे डाग फार थोडे आहेत. मित्रांनो, त्या कोऱ्या अंगाचीच ही हकीकत आहे.

परदेशी लाकडातून मला घडवले. एका इंजिनिअरबरोबर मी सौदी अरेबियातल्या यान्बूला आले. २००४ साली तो मायदेशी परतला आणि मला कामगारांच्या कॅम्पला देऊन गेला. कॅम्पची सहा संघांची लीग होती. हिवाळ्यात दर शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, वाळूच्या मैदानावर सामने होत. आमच्या संघात बहुतेक कोकणातले क्रिकेटवाले. ते दिसेल त्या चेंडूवर तुटून पडत आणि बाद होत.

नागेश तेवढा वेगळा. गुहागरचा, वय चव्वेचाळीस, क्रेन चालवायचा. तो मला फिरवायचाच नाही. बेसबॉलमध्ये चार चेंडू ठरलेल्या जागेबाहेरून गेले, की फलंदाज न मारता पहिल्या तळावर चालत जातो. त्याला वॉक म्हणतात. बाहेरचा चेंडू ओळखून सोडायला नजर तीक्ष्ण लागते, असे सगळे मानत. चेंडू टाकणारेही शिफ्ट करून दमलेले. त्यांचे बहुतेक चेंडू बाहेरच जात. २००६च्या हंगामात नागेशने एकतीस वॉक मिळवले. लीगमध्ये सर्वांत जास्त.

"नागेशभाई, डोळं हायेत का दुर्बीण?" बाकावरून मुस्तफा ओरडायचा. हा म्हसळ्याचा. नागेशच्या क्रेनला खालून हाताने इशारे देण्याचे काम त्याचेच.

खरे काय ते मला ठाऊक होते. चेंडू मागच्या खेळाडूच्या हातमोज्यात आपटल्याचा आवाज व्हायचा, आणि मग नागेशची बोटे माझ्या मुठीवर आवळायची. त्याला चेंडू दिसतच नव्हता.

एकदा तो कुलपाचे भोक अंगठ्याने चाचपत होता. खोलीतल्या जगदीशने ते पाहिले.

"मोतीबिंदू असणार रे. चिपळुणात अर्ध्या तासाचं ऑपरेशन."

"आणि लायसन? डोळ्यात नापास झालो की इकामा खलास, इथं राहायचा परवानाच गेला. घरी पाठवतील."

"मग वर बसून बघतोस तरी काय?"

"मुस्तफाचा हात. तेवढा दिसतो."



जानेवारीत वार्षिक तपासणी आली. नागेश मला खांद्यावर टाकून सरावावरून थेट कॅम्पच्या दवाखान्यात गेला. तपासून बाहेर येणाऱ्यांना विचारून त्याने तक्त्यावरची अक्षरे पाठ केली होती. त्यांची गरजच पडली नाही. डॉक्टरांनी मला पाहिले आणि ते हसले.

"अरे, वॉकवाला! तेरी आँख मैं क्या जाँचूँ?"

शिक्का उमटला. पायऱ्या उतरताना नागेशचा तळवा घामाने चिंब होता. मला वाटते, अक्षरे पाठ केली असली तरी आपण पकडले जावे असे त्याला त्या दिवशी मनापासून वाटत होते.

अठरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, वाऱ्याने वाळू उडत होती. मुस्तफाने 'थांब' म्हणून हात आडवा केला. नागेशला तो 'खाली घे' वाटला. पाइपांचा जुडगा खाली आला. मुस्तफा जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे चौकशीवाले दोघे खोलीवर आले. नागेश खाटेवरून उठला.

"साब, मुझे दिखता नहीं था. दो साल से."

एकाने फाइल उघडून तपासणीचा शिक्का दाखवला. दुसऱ्याची नजर कोपऱ्यातल्या माझ्यावर पडली. "लीग में सबसे ज्यादा वॉक इसी के हैं. दोस्त मरा है, सदमे में बोल रहा है." जगदीश दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडले नाही.

अहवालात लिहिले गेले की इशारा देणाऱ्याने चुकीचा इशारा दिला. म्हसळ्याला मुस्तफाची बायको रुकय्या. तिलाही फोनवर हेच कळवले: चूक तुमच्याच माणसाची.

नागेशने मला पुन्हा हात लावला नाही. तो मायदेशी गेला. डोळ्यांचे ऑपरेशन करून घेण्याआधी, भाच्याचा हात धरून, म्हसळ्याला जाऊन रुकय्याला खरे सांगून आला, असे जगदीश सांगतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि दार लावले.

मी खोलीत कपाटामागे पडून आहे. मित्रांनो, मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे. कुणी चेंडू सोडून दिला, तर टाळी वाजवण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा: बाबा, तुला तो दिसला का?