बंद दारामागचा दिवा

झुंबरबाई ओरडून सांगत होती की खोट फ्रिजमध्ये आहे, पण घरात एकाचाही तिच्यावर विश्वास बसला नाही. तो फ्रिज मीच. मला तेव्हा तोंड असतं तर तेव्हाच बोललो असतो.

सातपूरच्या कॉलनीत मी आलो तो हळदीकुंकू लावून घेऊन. आमच्या आळीत पहिला मीच, म्हणून मला बैठकीत ठेवलं. दिसायला नको? येईल त्याच्यापुढे झुंबरबाईची सासू भागीबाई माझं दार उघडायची, आत दिवा लागायचा, आणि पाहुणा पाणी मागायचं विसरायचा.

एका दिवाळीत दिवा लागलाच नाही. चार माणसांत भागीबाईची मान खाली गेली. विंचूरहून जावईबापू आले होते, झुंबरबाईच्या नणंदेचा नवरा. रेडिओ खोलून पुन्हा जोडणारे गृहस्थ. त्यांनी दाराच्या खटक्याशी खटपट केली, दिवा लागला. त्यांना लाडू जास्तीचा मिळाला.

त्यानंतर मी थंड होईनासा झालो. बर्फाचं पाणी, दूध रोज नासलेलं. भागीबाई म्हणाली, यंत्राला काय धाड भरलीय, हिचीच भांडी आंबट राहतात. झालं, झुंबरबाईला दुधाला हात लावायची बंदी. चाळिशी उलटलेल्या बाईला, तिच्याच घरात! नवरा सावळीराम पेपरात तोंड घालून बसला.

बाई चौथी शिकलेली, पण हटली नाही. मला भिंतीपासून ओढलं, मागच्या जाळीवरचा केर झाडला. दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली, रबर घट्ट होतं. बर्फाचा कप्पा खरवडला. तरी दूध नासलंच.

"तुझी खोट शोधून काढल्याशिवाय सोडत नाही," ती मला म्हणाली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तोवर मला पुसायचे सगळे, विचारलं कुणीच नव्हतं.

एका सकाळी दार उघडून ती लिंबू घ्यायला गेली आणि बोटाला दिव्याचा चटका बसला. ती तशीच थबकली.

"आई, इकडं या. दार मी आत्ता उघडलं. आत्ता लागलेला दिवा एवढा तापतो का? लावा हात."

भागीबाईनं लावला आणि झटकन मागं घेतला.

दार लावलं तरी माझ्या पोटात दिवा जळतच राहायचा. थंडी करायची मीच, आणि शेगडीही माझ्याच पोटात! झुंबरबाईनं बल्ब काढून फडताळात टाकला. दुसऱ्या दिवशी दुधावर जाड साय होती.

आता माझा रंग उडालाय, आत अजून अंधारच आहे, पण दूध टिकतं. एवढंच मागणं, फ्रिज बिघडला तर आधी त्याचं पोट तपासा, बाईचे हात मग.

त्या सायीच्या सकाळी सावळीरामनं दाराचा खटका खोलला, दार लागलं की दिवा विझवतो तो. दोन तारा थेट एकमेकींना पिळलेल्या, मग दिवा विझणार कसा? भागीबाईला ठाऊक नव्हतं असं नाही, तरी तिनं विचारलं, हा उद्योग कुणाचा? सावळीराम छताकडं बघायला लागला. जावयाचं नाव त्या घरात मानापोटी कुणी घेत नसे, मीही कधी ऐकलं नव्हतं.

झुंबरबाईनं दुधाचं पातेलं सासूपुढं ठेवलं आणि ना बापू, ना राव, नुसतं म्हणाली, "गोरक्ष."