भिंतीआडची पापडी

सूर्य बुडाला तरी रंजनाची सावली तिच्या पुढे चालत होती. भटू भगताच्या अंगणात पाऊल टाकताच ती नाहीशी झाली. सचिन गावापलीकडच्या त्या वस्तीत गॅस कारखान्याच्या उंच धुराड्यावर रात्रभर ज्योत जळे. अंधार असा होतच नसे. तो फक्त इथं होता, गोदामाच्या उंच भिंतीआड.

आणि याच अंगणात सुरती पापडीची वेल शेंगांनी वाकली होती. वस्तीत इतर कुणाच्या वेलीला फूलही दिसत नव्हतं, म्हणून नारळ घेऊन गर्दी लोटली होती.

"वेल बाईना हात वयखस!" मोरपिसांचा कुंचा फिरवत भगत गरजला. मग शेजारच्या परप्रांतीयांनाही कळावं म्हणून मराठी-हिंदीच्या खिचडीत सांगू लागला, "वेल बाईचा हात ओळखते! सुंदरामाय, तुझी वेल वांझ का? सुनेचा हात! तिला माहेरी भेज दे. आठ दिवसांत फुलली नाही तर माझी मिशी काढ."

मिशी त्याला नव्हतीच.

रंजनाच्या आईनं, सुंदराबाईंनी, मान डोलावली. सुनेची, गायत्रीची, पिशवी घरी भरून ठेवली होती. सकाळी नंदुरबारची गाडी. गायत्रीशेजारी तिचा नवरा चेतन खाली बघत उभा होता. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नव्हतं. डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या होत्या. गायत्रीची झाली, चेतनची 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहून गेली.

रंजना भेस्तानच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पापडी का फुलत नाही, हे तिला दिवाळीतच उमगलं होतं. आईपुढे कोण तोंड उघडणार, म्हणून ती गप्प बसली. आज वहिनीनं मुकाट्यानं घडी घातलेली लुगडी बघून तिला स्वतःचीच शिसारी आली होती.

तिनं ओंजळ पुढे केली. "ह्या शेंगा आमच्याच वेलीच्या. पाण्याच्या टाकीमागच्या फांदीच्या. पाणी वहिनीच घालते."

"मग बाकीच्या वेलीला काय धाड भरली?" कुणीतरी विचारलं.

"टाकीमागे ज्योतीचा उजेड पोचत नाही. रात्री मोठ्या झाल्या की पापडी फुलायला लागते. आपल्याकडे रात्रच होत नाही. चुकून कळी धरली तरी त्या धगीनं गळते. भगताच्या वेलीला ही भिंत आडोसा देते. एवढाच चमत्कार."

"ताई शिकेल शे, पन देवीपुढे—"

"ओ भगत!" शेजारीण सरलाबाई पुढे झाल्या. "गेल्या वर्षी तुझं घर आणि वेल माझ्या दाराशी होती ना, ज्योतीसमोर? नुसता पाला! मग इथं भिंतीआड आलास. तेव्हा कुणाचा हात लागला होता रे, तुझाच ना?"

हशा उसळला. एकानं आपला नारळ हळूच परत उचलला.

"वेल फुलली नाही तर उजेड बघा, धग बघा, पाणी बघा," रंजना म्हणाली. "बाईकडे बोट दाखवायला अक्कल लागत नाही."

"ताई," गायत्रीनं विचारलं, "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

गायत्रीनं तोंड फिरवलं. रंजनाला मान वर करवेना.

"चाल बेटा, घर चाल," सुंदराबाई सुनेजवळ येऊन पुटपुटल्या.

गायत्री हलली नाही. ती चेतनकडे बघत होती. "आणि तुम्ही काय म्हणता?"

चेतननं वर पाहिलं. आजूबाजूला अख्खी वस्ती उभी होती.

"उद्या दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. "माझी तपासणी करून घेतो."